मरायला नकार

दिग्दर्शकाने शब्द दिला होता : या चित्रपटात तू शेवटपर्यंत जगशील. नटीने त्यावर विश्वास ठेवला, तिथेच चुकले. आजवर ती क्षयाने, विषाने, विरहाने आणि एकदा तर निव्वळ अपमानाने मेली होती. "आमच्या मुलीसारखं मरायला कुणाला जमतं हो?" असे आई चारचौघांत कौतुकाने सांगे आणि हिचे डोके फिरे. अख्खी धडधाकट बाई समोर उभी, आणि लोकांना हवे काय, तर फक्त तिचे मरण!

शेवटच्या दिवशी सेटवर येऊन बघते, तर पलंग मांडलेला.

"विचार बदलला," दिग्दर्शक म्हणाला. "लोकांना तेच आवडतं. आटप, ऊन चाललंय."

स्टुडिओ काचेच्या छताचा. सगळे काम उन्हावर. ती धुसफुसत आडवी झाली आणि कॅमेरावाल्याने दांडा फिरवायला घेतला. मूकपटात आवाजाची भीती नाही, त्यामुळे चित्रण चालू असताना सगळे खुशाल ओरडत.

"हं, डोळे मीट! मान टाक!"

"नाही टाकत."

"अगं बाई, मर की आता!"

"तुम्हीच मरा! तुमच्या जिभेला काही हाड आहे की नाही? मी जगणार! ऐकलंत? जगणार!"

ती उठून बसली, रडत रडत तेच सांगत राहिली. नायक बावचळून तिचा हात धरून बसला. शेवटी डब्यातली फिल्म संपली, ऊनही उतरले. आपण जिंकलो असे समजून ती घरी जाऊन पोटभर जेवली.

पहिल्या खेळाला ती आईला घेऊन गेली. चेहऱ्यावर रंग नाही, अंगावर घरचे कपडे. कुणी ओळखले नाही. पडद्यावर ती उठून बसली, ओठ थरथरले, आणि तिच्या संवादाची पाटी आली. वाचता न येणाऱ्यांसाठी थिएटरने ठेवलेल्या माणसाने ती खड्या आवाजात वाचली : "मी सुखाने जाते. माझ्यासाठी रडू नका." लगेच पांढरी चादर, आणि चादरीखाली कपडेपटातली बाई. तिचे रुंद पाय नटीने बरोबर ओळखले.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती ताडकन उठली.

"खोटं आहे हे! ती असं म्हणालीच नाही! जगणार म्हणाली होती!"

आई डोळे पुसत तिला खाली ओढू लागली. पुढच्या रांगेतला एक माणूस ओल्या डोळ्यांनी मागे वळला.

"अहो बाई, जरा माणुसकी ठेवा! ती बिचारी गेली तिकडे, आणि तुम्ही ओरडताय काय?"