आठ जागांच्या डबीतली नववी तार

मी काचेची तार बोलतेय. देवगाव रंगारीच्या भीमनगरात मालनबाईंच्या घराच्या भिंतीवर, खिळ्याला अडकवलेलं काळं वेटोळं दीड वर्ष लटकत होतं, ती मी. माझ्या आवाजात उत्साह सापडला नाही तर वाईट वाटून घेऊ नका. खिळ्यावर एवढे दिवस काढल्यावर तो उरत नाही.

माझा जन्म वाळूजच्या एका कारखान्यातला. काचेचा जाड दांडा भट्टीत तापवला, मऊ झाला तशी त्यातून मला ओढत नेलं. माणसाच्या केसाएवढी बारीक झाले. मग वरून एक पदर, दुसरा पदर, शेवटी काळं जाड आवरण. तिथले इंजिनिअर एकमेकांत बोलायचे की हिच्यातून उजेड धावणार, आणि त्या उजेडावर बसून चित्रं, आवाज, पुस्तकं, सगळं धावणार. मीही लहान होते. विश्वास ठेवला.

वाळूजहून देवगाव रंगारी पन्नास-पंचावन्न किलोमीटर. उजेडाला एवढं अंतर कळतसुद्धा नाही म्हणतात. मला तीन वर्षं लागली. आधी गोदाम, मग दुसरं गोदाम. रस्त्याकडेला चर खणले, बुजवले, रस्ता रुंद करायचा म्हणून पुन्हा खणले. शेवटी चर नको, खांबच बरे, असं ठरलं. एका दसऱ्याला गावात मांडव पडला. खांबावरच्या डबीला हार घातला, खांबाच्या बुडाशी नारळ फोडला आणि आपलं गाव आजपासून जगाशी जोडलं गेलं, असं भाषण झालं. कंपनीच्या नकाशावर देवगाव त्याच दिवशी हिरवं झालं. ते आजही हिरवंच आहे.

आता डबीचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. खांबावरून प्रत्येक घराला एक तार जाते आणि त्या तारेचं एक टोक डबीत एका जागेवर बसवावं लागतं. जागा मिळाली तर उजेड मिळतो. लाइनमन सत्यम कन्नडहून मोटारसायकलवर यायचा. चाळीस गावं त्या एकट्याच्या अंगावर. ज्यांनी अर्ज भरले त्या बावीस घरांपर्यंत त्यानं दोन दिवसांत तारा ओढल्या. मालनबाई अंगणवाडीत मदतनीस. त्यांची मुलगी प्रेरणा तेव्हा शहरात होस्टेलला राहून बीएस्सी करत होती. तिनं फोनवर सांगितलं म्हणून त्यांनी अर्ज भरला. अशी मी रिळावरून कापली गेले आणि त्यांच्या भिंतीपर्यंत आले.

तारा बावीस आणि डबीत जागा आठ. दुसऱ्या टप्प्यात मोठी डबी येईल, असं कंपनीनं कळवलं. दुसरा टप्पा कधी, ते कळवलं नाही.

मग आठ जण कोण, हे ग्रामपंचायतीच्या खोलीत चहा निवेपर्यंत ठरलं. कुणाकडं कॉम्प्युटर आहे, कुणाचं मूल शिकतंय, कुणी विचारलं नाही. पोळ्याला तोरणाखालून आधी मानाचे बैल जातात ना, तशीच यादी निघाली. सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन, मंदिर समिती. जुने पोलीस पाटील म्हणून नानासाहेब. दगडाबाईंचे मालक कधीकाळी सरपंच होते म्हणून दगडाबाई. आठ नावं भरली. भीमनगरातलं त्यात एकही नव्हतं. मालनबाईंचा अर्ज नववा होता की एकविसावा, हे कुणी पाहिलं नाही. प्रेरणा मात्र मला नववी म्हणायची. पुढची जागा आपलीच, असं तिनं धरलं होतं.

त्या आठांतल्या तीन घरांतच उजेडाचा काही उपयोग झाला. दगडाबाईंनी घरात बसवलेल्या नेटच्या पांढऱ्या पेटीवर क्रोशाचा रुमाल घातला, धूळ बसू नये म्हणून. नानासाहेबांनी ती शोकेसमध्ये ठेवली, ढाल आणि सत्काराच्या शालीच्या मधोमध. आल्यागेल्याला दाखवायचे. मी मालनबाईंच्या भिंतीवर होते. माझ्यावर त्या भांडी पुसायचं फडकं वाळत घालायच्या. त्यांना मी दोष देत नाही. उजेड नाही तर नाही, फडकं तरी वाळतं.

पुढच्या जूनमध्ये प्रेरणा डिग्री घेऊन घरी आली. आल्याबरोबर तिनं कंपनीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, आपल्या गावात सेवा उपलब्ध आहे. प्रेरणानं विचारलं, उपलब्ध म्हणजे नेमकी कुठं? तर फोनवर गाणं लागलं. ते गाणं तिनं त्या सहा महिन्यांत इतक्यांदा ऐकलं की मालनबाई पोळ्या लाटताना तेच गुणगुणायला लागल्या.

जानेवारीत तिला काम मिळायची वेळ आली. घरी बसून करायचं काम. डॉक्टर बोलतात ते ऐकायचं आणि त्यांचे अहवाल नीट लिहून काढायचे. तिचं जीवशास्त्र पक्कं, इंग्रजी पक्कं. पहिली फेरी ती पास झाली होती. दुसरी फेरी सोमवारी अकरा वाजता, सलग दोन तास, घरच्या लाइनवर. लाइन तुटली की काम गेलं. तिनं बाबासाहेबांच्या फोटोखालचं टेबल पुसलं, खुर्चीला उशी शिवली. आईला एकटं टाकून परत शहरात भाड्याच्या खोलीत जायचं नाही, आपल्या घरात बसून कमवायचं, एवढंच तिला हवं होतं.

सत्यमला तिनं गाठलं. तो बिचारा खाली बघत म्हणाला, "ताई, हात लावला तर माझी नोकरी जाईल. सिस्टीमवर त्या आठांचीच नावं हायेत. एकानं स्वतःहून नाव काढलं, तर तुमची तार अर्ध्या तासात बसवून देतो."

म्हणून संक्रांतीनंतर चार दिवसांनी ती नानासाहेबांकडं गेली. त्यांचं घर रस्त्याच्या पलीकडं, खांबाला लागून. माझं एक टोक खांबावर, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. नानांनी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चहा टाकायला सांगितला आणि म्हणाले, "अगं, मग ये की. आमच्या ओट्यावर बस लॅपटॉप घेऊन. कोण नाय म्हणतंय? सावली हाय, पंखा लावून देतो."

"नाना, रोज आठ तासांचं काम हाय."

"रोज बस. तू काय परकी हायेस व्हय?"

"तुमच्या ओट्यावर बसून नोकरी नाय करायची मला. माझ्या घरात, माझ्या टेबलावर बसून करायचीय. तुम्ही ते वापरत नाय. नाव तेवढं काढा."

नाना समजावणीच्या सुरात म्हणाले, "पयल्या आठातलं नाव हाय ते, पोरी. आता काढलं तर लोक म्हणतील, नानाला झेपलं नाय."

दारात त्यांची नातसून तनुजा उभी होती. ती हसून म्हणाली, "नाना, झेपायचं कुठं आलं? आपल्या घरात कुणाला पासवर्डबी ठाऊक नाय." नानांनी तिला चहा बघायला आत पाठवलं. चहा यायच्या आधी प्रेरणा उठली.

मोठ्या माणसांचं मला हेच कळत नाही. ती ओटा देतील, सावली देतील, पंखा देतील, आशीर्वाद तर न मागता देतील. धरलेली जागा मात्र सोडणार नाहीत. तिचा उपयोग नसेल तर आणखी घट्ट धरतील. आणि पुन्हा म्हणतील, आजकालच्या मुलींना धीर नाही.

सोमवारी प्रेरणा मोबाइलच्या नेटवर्कसाठी गच्चीवर बसली. उन्हात लॅपटॉपचा पडदा दिसेना म्हणून मालनबाई तिच्या डोक्यावर चादर धरून उभ्या राहिल्या. अंगणवाडीला त्यांनी त्या दिवशी सुट्टी टाकली होती. चाळीस मिनिटं सगळं ठीक चाललं. मग पडद्यावर ते गोल फिरणारं चाक आलं. ते फिरत राहिलं. मालनबाईंचे हात भरून आले, तरी त्यांनी चादर खाली घेतली नाही. प्रेरणानंच शेवटी म्हटलं, आई, सोड. मी त्यांच्यापासून दहा हातांवर, त्याच घराच्या भिंतीवर होते. धडधाकट, कुठं ओरखडासुद्धा नसलेली.

आठवड्यानं ती शहरात गेली. एका दवाखान्यात काउंटरवर काम मिळालं आणि तिथल्याच छावणी भागात दोन मुलींबरोबर खोली. निघताना तिनं माझ्यावरचं फडकं काढलं, त्याची घडी केली, आत नेऊन ठेवलं.

पुढचं सांगायला मला जड जातं. फेब्रुवारीच्या शेवटी नानांचा नातू, तनुजाचा नवरा विश्वजीत, एका लग्नासाठी पुण्याहून आला. त्यानं फोनला नेट जोडायचा प्रयत्न केला, तर काहीच नाही. त्यानं तक्रार केली. सत्यम आला, खांबावर चढला, उतरला आणि त्यानं दारातल्या लिंबाखालून नानांच्या तारेचं तुटलेलं टोक उचलून दाखवलं. उसाच्या ट्रॉलीनं तोडली होती. कधीपासून बंद आहे, त्यानं विचारलं. घरात कुणालाच सांगता येईना. मग त्यानं मोबाइलमध्ये पाहिलं.

"बारा जानेवारीपासून, नाना."

तनुजानं बोटांवर मोजलं. मग ती अगदी हळू म्हणाली, "म्हंजी प्रेरणा आली तवा बंदच होतं. आपण तिला ओट्यावर बस म्हणत होतो."

ती तुटलेली तार माझी सख्खी बहीण, एकाच रिळावरची. ती सहा आठवडे लिंबाखाली पडली होती आणि हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तारेला सगळं ठाऊक असतं. तिला सांगता काही येत नाही. सत्यम नवा तुकडा जोडायला निघाला, तेव्हा नाना म्हणाले, "राहू दे. माझं नाव काढ."

त्या संध्याकाळी ते रस्ता ओलांडून भीमनगरात आले. मी इथं आल्यापासून पहिल्यांदाच. मालनबाईंनी खुर्ची पुढं केली, पण ते उभेच राहिले.

"बाई, माझं काढलं. तुमच्याकडं लावायला सांगितलंय."

"लेक गेली की, नाना."

"येईल की माघारी."

"येईल. चौदा एप्रिलला येईल, दोन दिवस."

नानांनी मान हलवली. भिंतीकडं, माझ्याकडं बराच वेळ पाहिलं आणि गेले. त्यांच्यावर चिडायचं मी ठरवलं होतं. त्या दिवशी तेही नीट जमलं नाही.

दोन दिवसांनी मी डबीत बसले. माझ्यातून पहिल्यांदा उजेड धावला. कारखान्यात सांगितलं होतं तसाच, क्षणात. टेबलावर पांढरी पेटी, तिच्यावर हिरवा दिवा, समोर उशी शिवलेली रिकामी खुर्ची. चौदा एप्रिलला प्रेरणा आली, मिरवणुकीला जाऊन आली, खुर्चीत बसली. वेग मोजून बघितला. मस्त चालतंय गं आई, म्हणाली. दोन दिवसांनी सकाळच्या बसनं परत गेली. त्या घरून करायच्या कामावर केव्हाच दुसरं कुणी लागलं होतं.

आता संध्याकाळी मालनबाई फोन हातात धरून त्याच खुर्चीत बसतात आणि प्रेरणाला व्हिडिओ कॉल लावतात. सध्या माझं एवढंच काम. पण तिकडं छावणीत, प्रेरणाच्या घरमालकांना, सखारामकाकांना, भिंतीला भोक पाडलेलं चालत नाही. गल्लीत तार आलीय, दारापर्यंत आलीय. घरात नाही, आणि खोलीत मोबाइलचं नेटवर्कही धड येत नाही.

मला कुणाचा हार नको, नारळ नको. मोठी डबी कधी आलीच, तर यादी करणाऱ्यांना एकच सांगा. नावं लिहायच्या आधी विचारा, कुणाला लागणार आहे. बाकी जे भिंतीवर लटकलेत, त्या तेरा जणींना माझा निरोप द्या. वाट बघा, असं मी त्यांना म्हणणार नाही.

आता कॉल लागलाय. आज काय खाल्लंस, मालनबाई विचारतायत. पडद्यावर प्रेरणाचं तोंड उघडं, अर्ध्यातच थांबलेलं. बऱ्याच वेळानं तिचा आवाज तुटत तुटत येतो, "आई, ऐकू येतंय का माझं?"

मालनबाई फोन आणखी जवळ धरतात.

"बोल तू. इकडून सगळं चालू हाय."