दुसऱ्या कडव्यानंतरचे आठ ठोके

मला चार आठवडे दिले होते. चौथ्या रविवारी दुपारी एका कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम. तिथे मी लांब्याच्या जागी उभा राहून निभावलं तर बँड राहणार. नाहीतर दादांनी आधीच सांगून टाकलं होतं, सामान विकायचं आणि रविवारी घरी झोपायचं.

लांब्या म्हणजे बँडचा गिटारवाला. बावीस वर्षं तेच चौघे. दादा गातात. त्यांची बायको बास गिटार वाजवते, तिला सगळे वहिनी म्हणतात. लांब्या तिचा सख्खा भाऊ. आणि ड्रमवर वेल्डर, जो खरंच वेल्डर आहे. गेल्या वर्षी लांब्याच्या डाव्या हाताची दोन बोटं वळायची बंद झाली. औषधं झाली, मालिश झाली, काही नाही.

मी काचेच्या दुकानात कामाला आहे. काचा कापतो. गिटार मला कोणी शिकवली नाही. या लोकांचा एकुलता एक अल्बम लावायचा, थांबवायचा, मागे न्यायचा, परत लावायचा. सात वर्षं हेच. आई म्हणायची, भिंतीसुद्धा आता गायला लागतील. वेल्डरकाका एकदा दुकानात काच न्यायला आले तेव्हा मी बढाई मारली की तुमची अकराच्या अकरा गाणी मला येतात, हुबेहूब लांब्यासारखी. ते म्हणाले, चल मग.

तालीम त्यांच्या वर्कशॉपच्या वरच्या खोलीत. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात. पहिल्या दिवशी मी एक सूर इकडचा तिकडे केला नाही. वहिनी म्हणाल्या, झेरॉक्सचं दुकान टाक, चांगलं चालेल. मला वाटलं कौतुक केलं.

घोळ एकाच गाण्यात होता, आणि नेमक्या त्या गाण्यात, ज्याच्यासाठी लोक येतात. दुसरं कडवं संपलं की गिटारचा सोलो, आणि सोलो संपला की दादा तिसरं कडवं एकदम वरच्या पट्टीत उचलतात. रोज तिथेच गाडी घसरायची. मी सोलो संपवून बरोबर जागेवर येऊन उभा, आणि दादांचा पत्ता नाही. मग ते अर्ध्या ओळीत घुसणार, वेल्डरकाका एकीकडे, वहिनी दुसरीकडे. पहिल्या आठवड्याच्या शेवटी माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "दादा, तुम्ही उशिरा येताय. अल्बममध्ये सोलो संपला की लगेच कडवं आहे."

दादा पाणी प्यायले. वहिनींनी बासचा पट्टा खांद्यावरून काढला आणि त्या दिवशीची तालीम तिथेच संपली.

दुसऱ्या दिवशी वेल्डरकाकांनी दुकानात येऊन तोंडावर सांगितलं की दादा विचारत होते, दुसरा कोणी मिळतो का बघ. मी त्या दिवशी दोन काचा चुकीच्या मापाच्या कापल्या. पण ठरवलं, हे सोडायचं नाही. मला काय कळत नाहीये ते शोधून काढायचं, मग हाकला.

लांब्याचं चाव्या बनवायचं दुकान आहे. त्याला म्हटलं, एकदा तालमीला येऊन ऐक. नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी परत गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून रोज घरची एक जादा चावी बनवून घ्यायची. चौथ्या चावीला तो म्हणाला, "तुमच्याकडे चोरी झाली तर पोलीस मला धरतील. येतो बाबा." आम्ही घरात माणसं तीन.

आला. हात खिशात घालून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. दादांनी त्याच्याकडे बघितलं आणि ते गाणं सुरू केलं. मी अल्बमसारखा सोलो वाजवून थांबलो. पण लांब्याचा पाय थांबला नाही. तो आपला जमिनीवर ठोके मोजत राहिला, एक, दोन, तीन, आणि आठव्याला त्याने दादांकडे बघून हनुवटी उचलली. दादा आत आले. वहिनी आणि वेल्डरकाका त्याच ठोक्यावर. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो जोड बसला.

नंतर जिन्यात वहिनींनी मला थांबवलं.

"अल्बम केला तेव्हा ते अठ्ठावीसचे होते," त्या म्हणाल्या. "आता पन्नास. सोलो संपेपर्यंत दम परत येत नाही. आमच्या भाऊरायांनी एकदा न विचारता आठ ठोके जास्त वाजवले, मग तीच रीत पडली. इतकी वर्षं कोणी तोंडातून शब्द काढला नाही. त्यांनीही नाही."

"आणि मी सगळ्यांसमोर चूक काढली."

"काढलीस ना," वहिनी म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

मी धावत रस्त्यावर जाऊन लांब्याला गाठलं. त्या आठ ठोक्यांत तू काय वाजवायचास? तो म्हणाला, दर वेळी वेगळं, आठवत नाही, तुझं तू बघ.

इथे माझी खरी पंचाईत. खोटं कशाला बोलू, सात वर्षांत मी स्वतःचा असा एक सूर वाजवला नव्हता. कोणी वाजवलेलं सांगा, वाजवतो. आपल्या मनाचं वाजव म्हटलं की बोटं दगड. दुकान उघडायच्या आधी दोन तास बसायला लागलो. बहुतेक सगळं टाकाऊ निघालं. तरी बसलो. तिसऱ्या आठवड्यात आठ ठोक्यांपुरतं एक जमलं, मग अजून एक. तालमीत ते वाजवलं, दादा जागेवर आले. दुसरा माणूस शोधायचा विषय परत निघाला नाही.

रविवार. ऊन रणरणतं. समोर बहुतेक चाळिशीच्या पुढचे, टकलं चमकतायत. मी दिसल्याबरोबर कोणीतरी ओरडलं, लांब्या कुठंय? पाच गाणी झाली, मग ते गाणं. सोलो नीट गेला. माझे आठ ठोके वाजवले आणि आठव्याला हनुवटी उचलली.

दादा आलेच नाहीत.

माईकचा दांडा धरून उभे, डोळे मिटलेले, खांदे वरखाली. तालमीत ते बसून गातात, इथे अर्धा तास उन्हात उभे होते. वेल्डरकाका माझ्याकडे बघतायत. आता माझ्याकडे अल्बममधलं काही नव्हतं आणि लांब्याचंही नव्हतं. दुसरं जमवलेलं होतं ते वाजवलं. तेही संपलं. मग सुचेल ते. एक सूर साफ चुकला, पुढून कोणीतरी हसलं, हसू दे. थांबलो असतो तर लोकांनी दादांकडे बघितलं असतं. तेवढं मला होऊ द्यायचं नव्हतं. वहिनी बास घेऊन माझ्या शेजारी आल्या आणि मी जाईन तिकडे खालच्या सुरांत मागे येत राहिल्या. अठ्ठेचाळीस ठोके झाले, मोजलेत. मग दादांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून त्यांनी स्वतः हनुवटी उचलली. मी थांबलो. ते गायले. वरच्या पट्टीत, पूर्ण.

खाली उतरल्यावर एका माणसाने माझी पाठ थोपटली आणि म्हणाला, छान वाजवतोस, पण लांब्याची सर नाही. मी म्हटलं, नाहीच येणार. आणि खरंच, वाईट वाटलं नाही. त्याच्यासारखं वाजवायचं काम आता माझ्याकडे नव्हतंच.

सामान टेम्पोत भरत होतो. दादा वायर गुंडाळत माझ्याजवळ आले.

"आठ पुरत नाहीत आता मला," ते म्हणाले.

वेल्डरकाकांच्या हातातला ड्रम हातातच राहिला. वहिनी टेम्पोत बसल्या होत्या, त्यांनी मान वळवली.

"सोळा धर. कमी पडले तर तिथल्या तिथे वाढव, मी तुला सांगत जाईन." वायर माझ्या हातात देऊन ते पुढे म्हणाले, "बुधवारी साडेसहाला. उशीर नको."

मी म्हटलं, येतो, आणि वायर पेटीत ठेवली.