कमरेतला निळा थेंब

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. टाळ नाही, मृदंग नाही, पण कथा आहे. आणि चांगल्या कीर्तनातल्या कथेसारखी ती आधी सांगणाऱ्यालाच लागणारी आहे.

मी एक जुना व्हेंचुरीमीटर आहे. म्हणजे मध्ये कमरेशी निमुळता झालेला लोखंडी पाइप. लातूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. पाणी माझ्यासारख्याच्या कमरेतून धावते तेव्हा तिथला दाब उतरतो आणि बारीक भोकातून तो काचेच्या नळीतल्या पाऱ्याला कळतो. पारा किती सरकला यावरून पाणी किती जायला हवे ते काढायचे, टाकीत खरोखर किती आले ते मोजायचे, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागायचे. उत्तर येते पॉइंट सत्त्याण्णवच्या आसपास. एकाच्या वर ते जाऊच शकत नाही.

मला सांभाळणारे भीमाशंकरमामा मुरुडचे. दर सोमवारी शिवकीर्तनाला बसणार आणि दुसऱ्या दिवशी मला पुसताना तीच पदे गुणगुणणार. एकदा तपासणीची कमिटी येणार म्हणून त्यांनी मला मोठ्या मायेने निळ्या रंगाचे दोन हात दिले. त्यातला एक थेंब कमरेच्या भोकात उतरला आणि वाळला. कमिटीने माझे कौतुक केले.

त्या दिवसापासून पारा हवा तेवढा सरकेना, आणि हिशेबातले पाणी कमी निघून उत्तर फुगू लागले. मुलांनी काय करावे? आदल्या वर्षीच्या जर्नलातले आकडे उतरवले. अकरा वर्षे प्रत्येक वहीत पॉइंट सत्त्याण्णव आणि खाली रेणुकादास सरांची सही. मी न दिलेल्या आकड्यांवर मी शहाणा ठरलो. लोखंडालाही लाज वाटते, मित्रांनो.

मग निलंग्याची साक्षी आली. तिने तीनदा पाणी सोडले, तीनदा मोजले. उत्तर आले एक पूर्णांक चौतीस. तिने तेच लिहिले.

सरांनी भर वर्गात वही उघडली. "टाकीत जास्तीचं पाणी आलं कुठून, साक्षीबाई? निलंग्याहून आणलंत?"

वर्ग हसला. सही मिळाली नाही. सहीवाचून परीक्षेला बसता येत नाही, आणि जर्नल द्यायला दोनच दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माझ्यापुढे. पुन्हा एक चौतीस. तिचे डोळे भरलेले पाहून मामांना राहवले नाही.

"लिव्हून टाक की पोरी पॉइंट सत्त्याण्णव. समदेच लिव्हतेत."

"मग मामा, मी पाणी कशाला सोडलं?"

मामांची नजर माझ्या निळ्या रंगावरून कमरेच्या भोकाशी आली. मग त्यांनी पाऱ्याकडे जाणारी रबरी नळी उपसली, वह्या शिवायचे दाभण आणले आणि माझ्या कमरेच्या भोकात फिरवले. निळी खपली बाहेर पडली. ती तळहातावर घेऊन ते थेट सरांपुढे उभे राहिले.

"सर, रंग म्याच मारला व्हता. अकरा वर्सं पोरं खोटं लिव्हीत राहिली, ते माझं पाप हाय."

सरांनी खपली बोटाने हलवून पाहिली. त्यांची मान वर होईना. "रंग तुमचा, भीमाशंकर," ते म्हणाले, "पण सह्या माझ्या." त्यांनी त्याच दिवशी साक्षीची वही मागवून घेतली.

सुट्टीत सरांनी नवे यंत्र आखायला घेतले, साक्षीला शेजारी बसवून. तिचा हट्ट एकच, जे बुजेल ते डोळ्यांना दिसले पाहिजे. नांदेडच्या वर्कशॉपात पारदर्शक पाइप घडला. पाऱ्याऐवजी रंगीत पाणी आले, आणि भोकांच्या नळ्या हाताने सुटतील अशा केल्या. पहिले उत्तर आले पॉइंट चौऱ्याण्णव. सरांनी तेवढेच लिहायला लावले. मला उभे कापून शेजारच्या भिंतीवर लावले आहे, पोट उघडे टाकून. मामा रोज सकाळी आधी नव्याच्या भोकांतून तार फिरवतात, मगच दार उघडतात.

साक्षीच्या वहीत एक चौतीस तसेच आहे. बाजूला ती निळी खपली चिकटवलेली, आणि खाली सरांची सही.

माझी आठवण नाही ठेवलीत तरी चालेल, मित्रांनो. पण कधी तुमचे उत्तर चारचौघांसारखे आले नाही, आणि शेजारची वही उघडी दिसली, तर निलंग्याच्या त्या मुलीची तेवढी आठवण ठेवा.