राजधानी दोन घरं दक्षिणेला

सामुतिरी राजाच्या खुर्चीवर बसण्यासाठी सौमिनीचेचीने स्वतःचंच नाव सुचवलं, तेव्हा वाचनालयाच्या हॉलमधली सगळी डोकी तिच्याकडे वळली.

बेपूरच्या त्या वाचनालयात सगळ्यांची ही चेची, म्हणजे ताई, चोवीस वर्षं ग्रंथपाल होती. कुणी एखादं पुस्तक मागितलं की मागणाऱ्याचं तोंड बघून ती भलतंच पुस्तक हातात ठेवायची, आणि माणूस ते वाचून दुसरं मागायला यायचा. पण सभेत नाव सुचवायचं ते दुसऱ्याचं, ही तिचीच रीत. आज ती तिने मोडली, तीही सगळ्यांसमोर आणि जराही न कचरता.

खेळ आणला होता रिन्शाने. सत्तावीस वर्षांची ही मुलगी बंगळुरूच्या कंपनीचं काम घरी बसून करायची आणि उरलेल्या वेळात संगणकावर साम्राज्यं उभी करायची. एकामागून एक चाली खेळायच्या खेळात तिने खास वाचनालयासाठी चौकोनी घरांत विभागलेला मलबारचा नकाशा बनवला होता. सुरुवात १४८९ ला, एक चाल म्हणजे एक वर्ष, एकूण तीनशे चाली. प्रश्न एकच. १४९८ साली पश्चिमेकडून ती तीन जहाजं आली, तेव्हा कोझिकोडच्या सामुतिरीकडे स्वतःची तोफांची जहाजं असती तर? दर रविवारी दुपारी भिंतीवरच्या पांढऱ्या कापडावर नकाशा पाडायचा, खुर्चीवर एकाने बसायचं आणि बाकीच्यांनी तोंड चालवायचं, असं ठरलं होतं.

खुर्चीवर कोण, हे न ठरवताच ठरलेलं होतं. दामोदरन माश, म्हणजे मास्तर. वाचनालयाचे अध्यक्ष, हायस्कुलात एकतीस वर्षं इतिहास शिकवलेले. हॉलमधल्या निम्म्या कानांना त्यांच्या बोटांची ओळख होती.

सौमिनीची शाळा दहावीला सुटली. कपाटातला सगळा इतिहास तिने एकटीने, वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत वाचून काढला. चर्चेत ती "पण समजा, तेव्हा..." एवढं म्हणायची, की माश मायेनेच म्हणायचे, "सौमिनी, झालं ते असं झालं." ते बरोबरच असायचं. म्हणून तर गेली कित्येक वर्षं तिचं 'समजा' तिच्या तोंडातच राहिलं होतं. ही खुर्ची तिला त्यासाठी हवी होती.

"बसू दे," माश म्हणाले. ते न्यायी होते, नुसते सवयीचे गुलाम होते. "पण दहा चाली. दहावी चाल म्हणजे १४९८. त्या चालीला आपलं तोफांचं एक तरी जहाज पाण्यात दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर खुर्ची माझी."

"चालेल," ती म्हणाली आणि बसली.

कापडावर कोझिकोडचा किनारा उजळला. वाळूत राजाची माणसं, बैल, पेट्या, सगळा लवाजमा उभा. अशा खेळात माणसं उभी असतील तिथेच पहिल्या चालीला राजधानी वसवतात. हॉलमध्ये टाळ्यांसाठी हात तयार होते. सौमिनीने लवाजमा उचलला आणि दक्षिणेला चालता केला.

"अगं, कुठे निघालीस?" माशांनी विचारलं.

"बेपूरला."

"बघा," मागून कुणीतरी म्हणालं, "राज्य दिलं तर ही आधी घरी चालली."

"सामुतिरीची राजधानी कोझिकोड," माश म्हणाले. "याबद्दल कोणत्याही इतिहासकाराचं दुमत नाही."

"ती झाली तेव्हा झाली, माश. आपली अजून व्हायचीय." तिने खिडकीजवळ बसलेल्या कोयाक्कांकडे मान वळवली. लाकडी उरू, म्हणजे समुद्रावर जाणारी मोठी जहाजं, बांधण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं; हातांची बोटं अजून वाकडीच राहायची. "कोयाक्का, कोझिकोडच्या वाळूत तुम्ही उरू बांधाल?"

"डोकं फिरलं तर बांधेन. तिथे जहाज लांब उभं करून माल होडीने आणावा लागतो. उरू बांधायचा नदीच्या मुखाशी. निलंबूरचा साग चालियारच्या पाण्यातून आपल्या पायांनी दारात येतो. डोंगरातून ओढून आणायचा म्हटलं असतं तर माझ्या आजोबांनी शिंप्याचा धंदा धरला असता."

दोन चाली चालण्यातच गेल्या. माशांनी इतिवृत्ताच्या वहीत शाईच्या पेनाने असहमतीची नोंद केली आणि ती मोठ्याने वाचूनही दाखवली. तिसऱ्या चालीला, ठरल्या जागेपासून दोन घरं दक्षिणेला, चालियारच्या मुखाशी राजधानी वसली. टाळ्या वाजल्या, पण लग्न पळून जाऊन झालेलं असावं तशा.

मग राज्यकारभार सुरू झाला, म्हणजे सभाच सुरू झाली. एकाने आधी देऊळ बांधा म्हटलं, दुसऱ्याने लगेच मशीद मांडली. तिसऱ्याने लाकूडतोड्यांच्या सुट्टीचा ठराव आणला, त्याला दोघांनी अनुमोदनही दिलं. सौमिनी प्रत्येकाचं पुरतं ऐकून घ्यायची, "ऐकलं," म्हणायची आणि आपल्या मनातलं करायची. गोदी केली. नदीकाठाने रस्ता नेला. वर जंगलात तळ टाकला. तोफा ओतायला कारागीर बसवले. तिचा हात एकदाही अडखळला नाही. चोवीस वर्षं मनातल्या मनात जे मांडून पाहिलं होतं ते फक्त समोर ठेवायचं होतं.

नवव्या चालीला हिशेब उघड झाला. जहाज अर्ध्याहून अधिक तयार होतं, पण पाण्यात उतरायला अजून तीन चाली. म्हणजे बारावी. चालण्यात गेल्या त्या दोन चाली आता सगळ्यांना मोजता येत होत्या.

रिन्शा तिच्या कानाशी वाकली. "चेची, जंगलाचं एक घर तोडून टाका. सगळं लाकूड एकदम मिळतं. जहाज पुढच्याच चालीला पाण्यात. सगळे खेळाडू हेच करतात."

"हिरवा साग?" कोयाक्कांचे कान अजून शाबूत होते. "तो बुडतो, पोरी. झाडाला बुंध्याशी गोल खाच मारून दोन वर्षं उभ्याउभ्या वाळवायचं, तेव्हा कुठे ते तरंगतं."

"कोयाक्का, हा खेळ आहे. इथे नाही बुडत."

"तुझ्या खेळात नसेल बुडत. माझ्या डोळ्यांसमोर बुडतो, त्याला मी काय करू?"

सौमिनीने बाण जंगलावर नेला. एक क्लिक केलं की खुर्ची राहत होती. साग बुडो की तरंगो, तिच्या मनात दुसरंच होतं.

"हे एका जहाजाचं लाकूड नाही," ती म्हणाली. "हे पुढच्या चाळीस जहाजांचं आहे. चाली तीनशे आहेत, दहा नाहीत."

"खुर्ची जाईल, चेची."

"जाऊ दे. राजधानी तर कुठे जात नाही ना?" आणि तिने बाण काढून चाल पुढे ढकलली.

१४९८. पश्चिमेच्या धुक्यातून तीन जहाजं निघाली आणि कोझिकोडच्या किनाऱ्यासमोर येऊन उभी राहिली. आपलं जहाज गोदीत, सांगाड्यावर.

सौमिनी उठली. निऱ्या नीट केल्या, खुर्ची माशांकडे वळवली.

माश बसले. एकतीस वर्षं ज्या क्षणावर त्यांनी वर्ग गाजवला, तो क्षण समोर उभा होता. "आता दूत उतरेल," ते म्हणाले. "टोप्या, हात धुवायची भांडी आणि मधाचे बुधले घेऊन येईल. अशा भेटी पाहून दरबार हसला होता. मी काय उत्तर देणार आहे ते ऐका." त्यांनी चाल पुढे ढकलली.

दूत आला नाही. जहाजं तशीच उभी. कापडावर अक्षरं उमटली: किनाऱ्यावर कुणीही नाही.

रिन्शाने कपाळाला हात लावला. "माश, जहाजांनी त्याच घरासमोर यायचं आणि दूताने तिथल्या राजधानीत उतरायचं, असं मी लिहून ठेवलंय. राजधानी दुसरीकडे असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. कोझिकोड कोझिकोडलाच असणार ना."

"म्हणजे एवढ्या लांबून पाहुणे आले," कोयाक्का म्हणाले, "आणि गावच जागेवर नाही."

हॉल खदखदून हसला. माशही हसले, पण त्यांचा हात खेळावरच होता. त्यांनी बारावी चाल केली. एक परकं जहाज उत्तरेला शोधत निघालं होतं, दोन जागच्या जागी फिरत होती. आणि त्यांच्या पाठीमागे, चालियारच्या मुखातून, सामुतिरीचं पहिलं तोफांचं जहाज बाहेर आलं. खेळाने विचारलं: आज्ञा?

माशांनी रिन्शाकडे मान वळवली. "रिन्शा, आता ते काय करतात?"

"माहीत नाही, माश. इथून पुढचं मी लिहिलेलंच नाही. जे होईल ते."

माशांनी चष्मा काढला. "मला कायम पुढचं पान माहीत असायचं," ते हळूच म्हणाले. मग उठले. "सौमिनी, बस."

"अट होती, माश."

"अट माझी होती. मी मागे घेतो. कुणाची असहमती?"

कोयाक्कांनी हात वर केला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"चार वाजून गेले," ते म्हणाले, "आणि सुलैमानीचा पत्ता नाही. राजा कुणी का असेना."

कुणीतरी चहाला पळालं. माश खाली वाकून, फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "हे असं होणार, ते तुला ठाऊक होतं का?"

तिने खरं तर फक्त लाकडाचा विचार केला होता. "अर्धं," ती म्हणाली.

ती बसली तसा हॉल उठून उभा राहिला. तोफ डाग, आत्ताच डाग, पाठ आपल्याकडे आहे त्यांची. सौमिनीने जहाज पुढे नेलं आणि एकही गोळा न उडवता तिन्ही पाहुण्यांच्या आणि खुल्या समुद्राच्या मधोमध आडवं उभं केलं. मग त्यांच्याकडे आपला दूत पाठवला: बेपूरला या, बसून बोलू.

माशांनी एक प्लास्टिकची खुर्ची ओढून तिच्या शेजारी घेतली. वही मांडीवर होती, पेन बंद होतं.

"का नाही डागलीस?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट पाहत थांबले.

"एका जहाजाने तिघांशी भांडण काढायचं नसतं, माश. चार चाली त्यांना बोलण्यात गुंतवते." तिने नदीवर, वरच्या अंगाला बोट दाखवलं. तिथे सागाचे ओंडके हळूहळू खाली येत होते. "तोवर दुसरं तयार होतंय. आणि त्याच्यामागे तिसरं."

माशांनी मान हलवली. तिने तेरावी चाल केली.