पावलांखालचा उजेड

चालण्याच्या शर्यतीत एक तरी पाऊल सतत जमिनीला टेकलेले हवे, आणि ते टेकले की नाही हे पंचाने नुसत्या डोळ्यांनीच ठरवायचे, असा नियम आहे. काल वीस किलोमीटरच्या निवड शर्यतीत पंच असलेल्या वडिलांना पोटच्या मुलीच्या पावलांखाली उजेड दिसला आणि त्यांनी लाल कार्ड काढले. इतर दोन पंचांची कार्डे आधीच पडली होती. हे तिसरे, म्हणून ती बाद झाली. चौतिसाव्या वर्षी पुढच्या निवडीची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

आज दहा किलोमीटर. पायांचे ओंडके झाले असूनही ती आरंभरेषेवर उभी होती.

"पंचसाहेब, आज तरी घरचं माणूस म्हणून बघा हं," ती म्हणाली.

"घरचं घरी," असे म्हणत त्यांनी सवयीने तिच्या बुटांकडे पाहिले. ती स्थिर उभी होती, तरी बुटांखाली उजेडाची पट्टी होती. त्यांनी उजवा डोळा झाकला, पट्टी गेली. डावा झाकला, परत आली. शेजारच्या खांबाखालीही ती होती.

त्यांनी कार्डे मुख्य पंचांच्या हाती दिली आणि कारण सांगितले.

"कालच्या निकालावर सह्या झाल्या, दादा," मुख्य पंच हळूच म्हणाले.

शर्यत सुटली. पहिल्याच फेरीत ती प्रत्येक पाऊल जपून रोवत समोर आली.

"बाबा, आज पाय टेकतात ना?"

"कालही टेकत होते, बाळा."

ती थांबली. मागच्या मुली तिला वळसा घालून पुढे गेल्या.