काही तक्रार नाही

माझे वडील बसचे ड्रायव्हर होते, आणि बसच्या ड्रायव्हरला डॉक्टरशी खरं बोलायची सवय नसते. दरवर्षी त्यांची वैद्यकीय तपासणी व्हायची. तिच्यात नापास झालं की स्टिअरिंग सुटायचं आणि माणूस डेपोच्या फाटकावर नोंदी करत बसायचा. म्हणून सगळ्या डेपोने मिळून एक विद्या कमावली होती. पहिला माणूस आत जाऊन डोळ्यांच्या तक्त्यावरची अक्षरं पाठ करून यायचा आणि बाहेरच्या रांगेत वाटून टाकायचा. कंबर धरलेले दारापाशी आले की ताठ व्हायचे. डॉक्टरांनी काहीही विचारलं तरी सगळ्यांचं उत्तर एकच, "काही तक्रार नाही." बाबा हे अजूनही रंगवून सांगतात. लहानपणी मला फार हसू यायचं. आता येत नाही.

मागच्या वर्षी बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. हात लोंबतो, पाय ओढत न्यावा लागतो. डोकं शाबूत आहे, आणि जीभ तर डोक्याहून शाबूत. आई नाही. दादा दूरच्या शहरात असतो, दर रविवारी फोन करतो आणि म्हणतो की तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. फोनवरून माया करणं सोपं असतं. कूस बदलायला हात लागतात, आणि ते माझे आहेत. आंघोळ, दाढी, सदऱ्याची बटणं, संडासात नेणं-आणणं, सगळं मीच करते. यात मोठेपणा काही नाही. दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी.

त्याआधी मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंगला होते. टेबलावर कापडाचे थर रचायचे, वर पुठ्ठ्याचा साचा ठेवून खडूने आखायचं आणि मशिनचं पातं त्या रेघेवरून फिरवायचं. हात जरा हलला की ढीगभर बाह्या वाया. मला ते काम मनापासून आवडायचं. तिथे मी कोणाची लेक नव्हते की बहीण नव्हते, तिथे मला मास्तर म्हणायचे. मालकीणबाईंनी माझी जागा धरून ठेवली होती, पण ह्या महिनाअखेरपर्यंतच. पुढे त्या दुसरी बाई घेणार होत्या आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

आमच्या दोन खोल्या तिसऱ्या मजल्यावर आहेत. दूध आणायला खाली उतरले तरी मी बाहेरून कडी लावून जाते, कारण एकदा मी नसताना बाबा उठून बाहेर जायला निघाले आणि दारातच पडले. तेव्हापासून मी जिना पळतच उतरते आणि पळतच चढते. शेजारीण म्हणते, काय गं, वाघ मागे लागलाय का? वाघ परवडला असता, तो निदान दमतो तरी. कडी आतून लावली काय आणि बाहेरून लावली काय, कोंडलेली मीच असते.

म्हणून आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी पाहणीचं सांगितलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. घरोघर फिरून कोणाला काय आजार, उपचार कुठे, स्वतःचं स्वतःला काय काय जमतं, मन कसं आहे, हे सगळं विचारणार होते. ज्यांना स्वतःचं आवरत नाही त्यांच्याकडे दिवसभरासाठी मदतनीस बाई येणार होती, फुकट. आमच्या भागाच्या वाट्याला मोजक्याच होत्या. पण आमचं घर बसणारच, असं नर्सबाई खात्रीने म्हणाल्या.

बाबांना मी मदतनीस बाईचं सांगितलंच नाही. परकी बाई आपल्या अंगाला हात लावणार म्हटल्यावर त्यांनी दारच उघडू दिलं नसतं. मी एवढंच म्हणाले की तब्येतीची पाहणी करायला एक बाई येणार आहेत, नीट उत्तरं द्या. इथेच मी माती खाल्ली.

त्या दिवशी बाबांनी सकाळीच दाढी करून मागितली. इस्त्रीचा सदरा मागितला. मला खाटेवर नको, खुर्चीत बसव म्हणाले. डावा हात मांडीवर ठेवायला लावला आणि त्यावर वर्तमानपत्र पसरायला सांगितलं. मला तेव्हाच समजायला हवं होतं. मी आपली खूश, की आज स्वारी शहाण्यासारखी वागतेय.

पाहणीवाली बाई माझ्याच वयाची होती. तीन जिने चढून दमलेली, खांद्याला पिशवी, हातात टॅबलेट. ती प्रश्न वाचून दाखवायची आणि उत्तरावर बोट टेकवायची. उत्तर ज्याचं त्यानेच द्यायचं, घरच्यांनी मध्ये बोलायचं नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं. मी मान डोलावली आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

आंघोळ स्वतः करता का, असं तिने विचारलं. बाबा हो म्हणाले. कपडे स्वतः घालता? मग काय शेजारी येऊन घालतात, असं म्हणून ते हसले. त्या सदऱ्याची बटणं मी तासाभरापूर्वी लावली होती. जिना चढता-उतरता येतो का? रोज एक चक्कर होते म्हणाले. जिन्याने त्यांना शेवटचं पाहिलं ते खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं तेव्हा. झोप, भूक, दुखणं-खुपणं, सगळ्याला एकच उत्तर, काही तक्रार नाही. मी तोंड उघडलं की ती बाई हात वर करायची. माझं म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मग तिने विचारलं, "काका, गेल्या महिन्यात कधी उदास वाटलं? एकटं वाटलं?"

बाबा पहिल्यांदाच थांबले. खिडकीकडे बघत म्हणाले, "ड्रायव्हरने उदास होऊन कसं चालेल, बाई? मागे माणसं बसलेली असतात."

तिने 'नाही'वर बोट टेकवलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाबांच्या लेखी ही पाहणी नव्हतीच. ती त्यांची वार्षिक तपासणी होती, आणि त्यांना पास व्हायचं होतं. ते इतके मन लावून खोटं बोलत होते की मला राग यावा की कीव, ते ठरेना. शेवटी रागच आला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण त्या पिळात माझा गळा अडकला होता.

तिने पाणी मागितलं म्हणून मी तिला स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि भडाभडा सगळं सांगितलं. कारखाना, महिनाअखेर, सगळं.

"ताई, मला दिसतंय," ती हळू आवाजात म्हणाली. "पण शुद्धीतल्या माणसाचं उत्तर मला खोडता येत नाही. शेवटी चालायची चाचणी आहे, ती मात्र मी डोळ्यांनी बघून भरते. आधाराशिवाय जमलं नाही तर बाकीची उत्तरं काही का असेनात, नाव मदतीच्या यादीत जातं."

ते पडतील, मी म्हणाले.

"पडू द्यायचं नाही. तुम्ही बाजूने चाला, हात लावू नका. तोल गेला की धरा आणि मोठ्याने 'धरलं' म्हणा. मी तिथेच थांबवते."

म्हणजे मला एकच शब्द बोलायचा होता. बाबांना खोटं पाडायचं नव्हतं, भांडायचं नव्हतं. योग्य वेळी एक शब्द, आणि महिनाअखेरीआधी मी माझ्या टेबलापाशी.

तिने जमिनीवर दोन रंगीत पट्ट्या चिकटवल्या, एक खुर्चीपाशी, एक खिडकीखाली. जमणार नसेल तर राहू दे, असंही ती बाबांना म्हणाली. बाबांनी उत्तर देण्याऐवजी उजव्या हाताने खुर्चीचा दांडा पकडला आणि उठले. वर्तमानपत्र खाली घसरलं. ते कसे उठले मला ठाऊक नाही, रोज त्यांना उठवताना माझ्या नाकी नऊ येतात. ती खिडकीपाशी जाऊन घड्याळ हातात धरून उभी राहिली. मी त्यांच्या डाव्या अंगाला, जरा मागे राहिले.

बाबा निघाले. उजवा पाय पुढे, मग कंबरेतून हिसका देऊन डावा. पुन्हा उजवा, पुन्हा हिसका. मी मनातल्या मनात म्हणाले, पडा. बाबा, पडा. स्वतःच्या बापाला मी असं म्हणाले आणि मला त्याची लाजसुद्धा वाटली नाही. उशिरा वाटली.

अर्ध्यावर त्यांचा तोल गेलाच. डावा गुडघा दुमडला आणि अख्खं अंग माझ्याकडे कलंडलं.

आणि माझा हात गेला. शब्द नाही गेला, हातच गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर बाबा रोज दाराबाहेरच्या गॅलरीत चार पावलं चालायचे. पण माझा हात धरायचा नाही, लोक काय म्हणतील, असं त्यांचं होतं. म्हणून मी त्यांच्या मागून चालायची आणि कंबरेपाशी सदऱ्याची मूठ धरायची. समोरच्याला दिसत नाही. डाव्या अंगाला त्यांना स्पर्शही कळत नाही, त्यामुळे मी केव्हा धरते आणि केव्हा सोडते ते त्यांनाही समजत नाही. आताही तेच झालं. मूठ आपोआप वळली, मनगटाने त्यांचं वजन पेललं, आणि बाबा सरळ झाले. समोरून बघणाऱ्याला वाटलं असेल, म्हातारा जरा डगमगला आणि सावरला.

'धरलं' म्हणायला अजूनही वेळ होता. शब्द अगदी ओठांवर होता. पण बाबा पुढे निघाले होते. कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले, नजर त्या पट्टीवर. भरलेली बस अरुंद पुलावरून काढताना ते असेच दिसायचे. मी लहान असताना त्यांच्यामागच्या सीटवर बसून आरशात तो चेहरा पाहिला आहे, आणि तेव्हा गाडीत कोणी बोलत नसे. मीही बोलले नाही. मूठ तशीच धरून मी त्यांना पलीकडच्या पट्टीपर्यंत नेलं आणि मग सोडलं.

त्यांनी खिडकीचा गज पकडला. ती बाई घड्याळाकडे आणि मग त्यांच्याकडे बघत राहिली.

"आधार घेतला नाही ना, काका?"

"कोणाचा? तुमच्यासमोर एकटा चाललो ना," बाबा म्हणाले. त्यांचा श्वास लागला होता आणि चेहरा उजळला होता. आजारपणानंतर मी तो चेहरा पाहिलाच नव्हता.

तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई?"

"नाही," मी म्हणाले.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत होती. खरं सांगितलं असतं तर त्यांच्या तोंडावरचं ते सगळं मी माझ्या हाताने पुसलं असतं. नाही सांगितलं, तर माझं पुसलं जाणार होतं. मला दुसरं सोपं वाटलं, कारण त्याची सवय होती.

तिने बोट टेकवलं. मग माझी पाळी होती. पण घरात कोणाचं करावं लागतं का, त्यात तुमचं काय होतं, हे प्रश्न तिच्या टॅबलेटवर आलेच नाहीत. घरातलं माणूस धडधाकट निघालं की ते आपोआप गाळले जातात, असं तिने मान खाली घालून सांगितलं. माझं वय, शिक्षण, ताप-खोकला एवढं विचारून झालं. जाताना दारात तिने माझ्या दंडाला हात लावला आणि ती जिना उतरून गेली.

आत आले तर बाबा खिडकीच्या गजाला धरून तसेच उभे होते. मी खुर्ची तिथवर सरकवली आणि त्यांना बसवलं.

"पास?" त्यांनी विचारलं.

"पास."

"मला माहीत होतं." त्यांनी घाम पुसला. "तुझ्या मालकीणबाईंचा फोन आला होता त्या दिवशी, मी ऐकलं सगळं. महिनाअखेर म्हणाल्या ना? तेव्हापासून मनाशी ठरवलं होतं. आता लेखी झालं, माणूस फिट आहे. तुला घरात कोंडून ठेवायचं काही कारण उरलं नाही. उद्यापासून कामावर जा."

मी खाली पडलेलं वर्तमानपत्र उचललं आणि घडी घालत राहिले. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. ते एवढं सगळं खोटं माझ्यासाठी बोलले होते, आणि माझ्याच मुठीने ते खरं करून दाखवलं होतं.

थोड्या वेळाने ते आवाज खाली आणून म्हणाले, "जरा संडासात ने. केव्हापासून दाबून बसलोय. तिच्यासमोर कसं सांगणार?"

मी त्यांच्या काखेत खांदा घातला आणि त्यांना उठवलं. आता त्यांच्या पायांत काहीच उरलं नव्हतं, सगळं वजन माझ्यावर आलं. चालता चालता त्यांनी विचारलं, उद्या किती वाजता निघशील?

"सकाळी लवकर," मी म्हणाले.