रिकाम्या तारांची तोंडं

नेट कंपनीचा जितेंद्र शिडीवर चढला आणि कांताबाईंच्या पत्र्याखाली लोंबणाऱ्या केबलच्या तारेजवळ त्यानं सिग्नलची गळती शोधायचं मीटर धरलं. खाली दीक्षानं शिडी घट्ट धरून ठेवली होती.

“प्रेमानंदनंच लटकवल्या ह्या तारा,” कांताबाई दारातून म्हणाल्या. “टीव्हीची केबल आता कोण पाहते? अन् त्याच्यापायी साऱ्या गल्लीचं नेट बंद पडून राहिलं. माह्या नातीचा पेपर हाय परवा. तुझा बाप गेला, पण लफडं ठेवून गेला वं!”

दीक्षाच्या बाबांना जाऊन सव्वा महिना झाला होता. तीस वर्षं त्यांनी या वस्तीत केबल जोडली, आणि आता ते नसताना त्यांच्या कामाची झडती चालली होती.

“ताई, हे पाहा,” जितेंद्र वरून म्हणाला. तारेच्या टोकाला करंगळीच्या पेराएवढी टोपी आवळलेली होती. पाणी शिरू नये म्हणून वर काळी चिकटपट्टी. “कनेक्शन बंद झालं का आम्ही तार तशीच सोडून देतो. नेटबी ह्याच तारांतून येते; तोंड उघडं राहिलं का सिग्नल बाहेर गळते, बाहेरचा कचरा आत शिरते, अन् साऱ्यांचं नेट बिघडते. तुमच्या बाबायनं टोपी घातली.”

दुसऱ्या घरी टोपी होती. चौथ्या घरीही. सत्यवतीबाईंच्या न्हाणीमागे, जिथं कोणी कधी वाकून पाहणार नव्हतं, तिथंसुद्धा.

“असा माणूस नाही पाह्यला जी,” जितेंद्र पुटपुटला.

जेवण अर्धं टाकून बाबा उठायचे. “भैयाजीनं केबल बंद केली, जाऊन येतो.” गिऱ्हाईक सुटल्यावर त्याच्याकडे एवढ्या घाईनं कशाला जायचं, हे दीक्षाला कधी कळलं नव्हतं.

मीटर कर्कश वाजलं ते तिच्याच घरात.

जितेंद्रनं भिंतीवरचा बाबांचा फोटो उतरवून अलगद खाली टेकवला. मागे तारेचं उघडं टोक होतं. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माणसं बसायला जागा हवी, म्हणून तिनंच टीव्ही हलवला होता. तार उपटून तिथं खिळा ठोकला होता.

त्यानं खिशातली टोपी काढून टोकाला आवळली. मीटर गप्प झालं.

“उंदरानं कुरतडली, असं रिपोर्टात लिहितो ताई,” तो हळूच म्हणाला. “कोणाचं नाव कायले?”

“उंदीर नको.” दारात येऊन उभ्या राहिलेल्या कांताबाईंना ऐकू जाईल इतक्या आवाजात दीक्षा म्हणाली, “बाबांचं काम चोख होतं. हे मी केलं. माझं नाव लिहा.”

कांताबाईंनी चपला बाहेर काढल्या.

“सरक वं बाई,” म्हणत त्या आत आल्या, फोटो उचलून पदरानं पुसला आणि खिळ्याला लावला.